दोन फोनांपैकी एक निवडताना

दोन फोनांपैकी कोणता घ्यावा, असे आपण विचारले आहे. आपण निवडलेल्या दोन्ही फोनांची बॅटरी ५००० एमएएचचीच (एमएएच म्हणजे बॅटरीची क्षमता मोजण्याचे एकक) असल्यामुळे त्या आकड्यावरून निर्णय होणार नाही. खरा फरक प्रोसेसरमध्ये, म्हणजे फोनचे सारे काम चालवणाऱ्या मुख्य चिपमध्ये आहे. एक चिप ६ नॅनोमीटरची आहे, दुसरी ४ नॅनोमीटरची (हा आकडा चिप बनवण्याच्या तंत्राची पिढी सांगतो), आणि लहान आकड्याची चिप साधारणपणे तेच काम कमी विजेत करत असल्याने दुसऱ्या फोनचे चार्जिंग अधिक वेळ पुरण्याचा संभव आहे.

नवख्या ग्राहकांची नेहमीची चूक म्हणजे कोअर (चिपमधील काम करणारे स्वतंत्र भाग) मोजणे आणि बेंचमार्कच्या, म्हणजे वेग मोजणाऱ्या चाचणीच्या, गुणांवर भाळणे. ते गुण बहुधा थोड्याच मिनिटांच्या चाचणीचे असतात, तर इंदुरात मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि तापलेली चिप आपला वेग आपणच कमी करते. म्हणून जेल रोडवरील दुकानात डेमो फोनवर दहा मिनिटे व्हिडिओ चित्रित करून कॅमेऱ्यालगतची पाठ किती तापते, ते बोटांनी पाहावे. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्यावे.

याखेरीज दोनच गोष्टी विचाराव्यात:

- सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार?
- डब्यात चार्जर आहे की वेगळा घ्यावा लागेल?

रिफ्रेश रेट (पडद्यावरचे चित्र सेकंदाला किती वेळा ताजे होते तो आकडा) वगैरे तूर्त बाजूला ठेवावे. किमतीत फार तफावत नसेल, तर मी ४ नॅनोमीटरचाच घेईन.