ग्रुपवर आलेली उत्तरं

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. एनपीटेलच्या (आयआयटीसारख्या संस्थांच्या ऑनलाइन कोर्सच्या) असाइनमेंटची उत्तरं दर आठवड्याला टेलिग्रामच्या ग्रुपवर येतात, वर्गातले बहुतेक जण तीच टाकतात, त्यांना २५ पैकी २५ पडतात आणि स्वतः सोडवून तुला १७. वर घरचे विचारतात, बाकीच्यांना जमतं ते तुला का नाही? ‘मी मूर्खपणा करतेय का?’ असं तू विचारलं आहेस. नाही, करत नाहीयेस. पण ‘प्रामाणिक राहा, चांगलंच होईल’ एवढ्यावर तुझी बोळवण करणं मला पटत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी व्यवहार बघू. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये असाइनमेंटला २५ गुण, तेही सर्वोत्तम आठ असाइनमेंटच्या सरासरीवर. उरलेले ७५ केंद्रावर जाऊन, पर्यवेक्षकांसमोर दिलेल्या परीक्षेचे. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३० लागतात. म्हणजे चार आठवडे पूर्ण फसले तरी तुझं काही बिघडत नाही. आणि एक गोष्ट ग्रुपवर कुणी सांगत नाही: प्रमाणपत्रावर हे दोन आकडे वेगवेगळे छापलेले असतात. वर २५ पैकी २५ आणि खाली ७५ पैकी ३१ असा कागद मुलाखतीत पुढे ठेवला की जाणत्या माणसाला वेगळं काही विचारावं लागत नाही. त्यापेक्षा तुझे १७ आणि ५० कितीतरी बोलके ठरतील. आईबाबांना ही विभागणी कागदावर मांडून दाखव. त्यांना फक्त पहिला आकडा ऐकू येतोय.

पण गुणांच्या पलीकडचं मला जास्त सांगायचं आहे.

ऑनलाइन शिक्षणानं मुलं बिघडली असं स्टाफरूममध्ये नेहमी ऐकू येतं. मला ते मान्य नाही. २८ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला की अंतिम वर्षाची परीक्षा घेतल्याशिवाय पदवी देता येणार नाही. मग ऑक्टोबरच्या सुमारास आपल्याकडच्या विद्यापीठांनी बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षा बहुतांशी घरूनच घेतल्या. मित्रांचा कॉल चालू ठेवून पेपर सोडवणारी मुलं तेव्हा होती, हे कुणी नाकारत नाही. पण ती त्या महिन्यात हे शिकली नव्हती. अकरावीतला दोलकाचा प्रयोग आठव. g ची, म्हणजे गुरुत्वत्वरणाची, किंमत ९८० च्या आसपास यायला हवी म्हणून आधी उत्तर ठरतं आणि मग त्याला जुळणारी रीडिंग्ज मागून लिहिली जातात. दोरी मोजलीच जात नाही. इंजिनिअरिंगला आल्यावर सबमिशनच्या आठवड्यात एक जर्नल अख्ख्या हॉस्टेलभर फिरतं आणि बॅचच्या सगळ्या फाइलींत तोच निष्कर्ष, तीच स्पेलिंगची चूक उतरते. त्यावर सही होते, टर्मवर्कचे मार्क पडतात. याला कुणी कॉपी म्हणत नाही, ‘छापणं’ म्हणतात आणि विसरून जातात. जे वर्गात, शिक्षकांच्या डोळ्यांदेखत वर्षानुवर्षं चालत आलं, तेच आता मोबाइलवर आलं आहे. ग्रुपवरची उत्तरं टाकणाऱ्या तुझ्या मित्रांना आपण काही वेगळं करतोय असं वाटत नसेल, तर त्याचं कारण हे आहे.

तरीही दोन्हींत एक फरक आहे, आणि मला त्याची काळजी वाटते. परीक्षेच्या हॉलमध्ये कॉपी करणाऱ्याला आपण काय करतोय हे प्रत्येक पायरीवर ठाऊक असतं. रात्री बारीक अक्षरात चिठ्ठ्या लिहायच्या, त्या लपवायच्या, भरारी पथकाची चाहूल लागली की पोटात गोळा येणार. परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध राज्याचा १९८२ चा कायदा आहे, हेही बहुतेकांच्या कानावर असतं. म्हणजे निर्णय घ्यावा लागतो. घरी, लॅपटॉपसमोर तसा निर्णय घ्यावाच लागत नाही. पहिल्या आठवड्यात आपलं उत्तर ताडून बघायला ग्रुप उघडला जातो. तिसऱ्या आठवड्यात अडलेल्या एका प्रश्नासाठी. सहाव्या आठवड्यात लग्नकार्य असतं म्हणून सगळीच उत्तरं तिथून उचलली जातात, आणि नवव्या आठवड्यात व्हिडिओ न बघताच. ‘आजपासून मी कॉपी करणार’ असं यातल्या कुठल्याही दिवशी ठरवलेलं नसतं. म्हणून पश्चात्तापही होत नाही. चांगल्या, कष्टाळू मुलांना मी या वाटेनं जाताना पाहिलं आहे. चिठ्ठी घेऊन हॉलमध्ये जायची त्यांची छाती झाली नसती.

म्हणून रेघ तुलाच आधी आखून ठेवावी लागेल, कारण स्क्रीनवर ती कुणी आखून देत नाही. माझं मत विचारशील तर तो ग्रुप सोड. म्यूट करू नकोस, सोड. रात्री साडेअकराला मुदत संपत आलेली असताना म्यूट केलेला ग्रुप उघडायला वेळ लागत नाही. प्रश्न वहीत सोडव, आधी स्वतःची उत्तरं सबमिट कर. मुदत संपल्यावर कोर्सच्या पानावरच अधिकृत उत्तरं येतात, ती घेऊन बस आणि आपलं कुठे घसरलं ते त्याच वहीत वेगळ्या शाईनं लिही. चुकलेले आठ गुण तिथे वसूल होतात. मध्येच अडलीस तर कोर्सच्या चर्चापटलावर विचार, तिथे शिकवणारी माणसं असतात. ‘हे शिकवा’ आणि ‘हे द्या’ यांत किती अंतर आहे, ते तुला विचारतानाच कळेल.

मैत्रिणी उत्तरं मागतील. तुटक होऊ नकोस. ‘उत्तर नाही, पण ये, दोघी बसून सोडवू’ म्हण. आल्या तर तुझाच अभ्यास पक्का होईल. प्रत्येकीची तक्रार करत फिरायचीही गरज नाही. मात्र आपल्या जागी कुणाला परीक्षेला बसवायची भाषा कानावर आली, तर तिथे गप्प बसू नकोस. ती फसवणूक वेगळ्याच जातीची आहे.

चॅटजीपीटीबद्दल तू ओझरतं लिहिलं आहेस. पुढच्या वर्षी प्रोजेक्ट रिपोर्ट येईल आणि तू मराठी माध्यमातली, म्हणून इंग्रजीची धास्ती आहे, ते मी समजू शकते. व्याकरण तपासायला मदत घेतलीस आणि मार्गदर्शकांना तसं सांगितलंस, तर त्यात लपवण्यासारखं काही नाही. मजकूरच त्याच्याकडून लिहून घेतलास, तर व्हायवाला पहिल्या ‘का?’ वर अडकशील. सॉफ्टवेअरनं पकडलं नाही म्हणजे लेखन स्वच्छ, असंही समजू नकोस. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१८ चे नियम प्रबंधातल्या साम्याची टक्केवारी धरून शिक्षा ठरवतात, १० टक्क्यांपर्यंत माफ आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द. पण ते यंत्र फक्त जुळणारे शब्द मोजतं, चोरलेली कल्पना त्याला दिसत नाही. उलट निर्दोष मुलंही अडकतात. यंत्राचं लेखन ओळखणारी साधनं इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या साध्या, सरळ वाक्यांना सर्रास यंत्राचं ठरवतात, असं स्टॅनफर्डच्या संशोधकांना २०२३ मध्ये आढळलं. त्याच वर्षी चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून बंद केलं. तुझं इंग्रजी तसंच साधं आहे, म्हणून कच्चे मसुदे फेकू नकोस. गूगल डॉक्समध्ये लिही, त्यात कुठल्या दिवशी काय बदललं याची नोंद राहते. उद्या कुणी शंका घेतली तर तोंडी शपथा घेण्यापेक्षा ती नोंद कामाला येईल.

सातव्या आठवड्याची असाइनमेंट बुधवारी संपतेय असं तू लिहिलं आहेस. ती सबमिट झाली की वहीच्या त्या पानांचे फोटो मला पाठव, खाडाखोडीसकट. सर्किटमधल्या थेवेनिनच्या प्रमेयाचा जो प्रश्न दोनदा चुकला म्हणतेस, तो आपण रविवारी फोनवर सोडवू. सकाळी दहानंतर केव्हाही कर.

तुझी,
मॅडम