कोपराचं लिगामेंट (हाडांना हाडं बांधून ठेवणारा पट्टा) आणि बेसबॉलमधलं पिचिंग (बॅटरला बॉल टाकणं): तुमच्या प्रश्नांची उत्तरं

प्रश्न: मुलगा १२ वर्षांचा आहे. कोच म्हणतात कर्व्हबॉलने (वळणाऱ्या बॉलने) कोपर जातं, फक्त फास्टबॉल (सरळ, जोरात) टाकू द्या. खरंय का?

पूर्ण खरं नाही. लॅबमध्ये मोजलं तेव्हा कोपरावर सगळ्यात जास्त ताण साधारणपणे फास्टबॉललाच दिसला. म्हणून उद्यापासून कर्व्हबॉल शिकवा असंही नाही हां, आधी फास्टबॉल आणि चेंज-अप (तशाच ॲक्शनने टाकलेला हळू बॉल) नीट बसू दे. तुम्ही पिच, म्हणजे टाकलेले बॉल, मोजा. अमेरिकेतल्या मेजर लीग या मोठ्या बेसबॉल लीगच्या पिच स्मार्ट नावाच्या नियमावलीत ११-१२ वयाला दिवसाला जास्तीत जास्त ८५ पिच दिलेत, आणि ६६ किंवा जास्त झाले की पुढचे ४ दिवस सुट्टी. गोची अशी की बऱ्याचदा पोरगा दोन टीमकडून खेळतो, दोन्ही कोच आपापले पिच मोजतात आणि बेरीज कोणीच करत नाही, वर पिचिंग झालं की त्यालाच कॅचर (बॅटरमागे बॉल पकडून परत फेकणारा) म्हणून उभा करतात, म्हणजे परत थ्रो चालूच. या वयात लिगामेंटच्या आधी बऱ्याचदा आतल्या बाजूची ग्रोथ प्लेट (हाड जिथून वाढतं तो मऊ भाग) दुखावते, तेव्हा "वाढीचं दुखणं आहे" म्हणून सोडून देऊ नका.

प्रश्न: मी १७ वर्षांचा आहे. जोरात टाकलं की कोपर आतल्या बाजूने दुखतं, हळू टाकलं तर काही नाही. टाकत राहू का?

नको, थांब आणि आधी डॉक्टरला दाखव. हात मागे जाऊन पुढे फेकला जायच्या क्षणी कोपर आतल्या बाजूने उघडायला बघतं आणि तिथलं यूसीएल नावाचं लिगामेंट त्याला धरून ठेवतं. मोठ्या पिचर्सच्या कोपरावर त्या वेळी ६० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क (पिळणारा जोर) येतो, आणि मृतदेहांच्या कोपरांवर चाचण्या केल्या तेव्हा एकटं लिगामेंट साधारण निम्म्यातच तुटलं. मग रोज का तुटत नाही? कारण फोअरआर्मचे आतले स्नायू बराच भार उचलतात. ते थकले की भार लिगामेंटवर. सर्जरी लागलेल्या आणि न लागलेल्या तरुण पिचर्सची तुलना झाली होती, त्यात हात थकलेला असताना नेहमी पिच करणाऱ्यांना धोका ३६ पट निघाला! म्हणून "अजून एक इनिंग टाक" म्हणणाऱ्या कोचचा मला राग येतो. करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर तेही सांग, तिथूनच नस जाते. लिगामेंट थोडंच फाटलं असेल तर विश्रांती आणि रिहॅबवर बऱ्याच जणांचं भागतं.

प्रश्न: टॉमी जॉन सर्जरीनंतर (यूसीएल नवीन बसवण्याच्या ऑपरेशननंतर) स्पीड वाढतो म्हणे, मग आधीच करून घेतली तर?

अजिबात नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की पालकसुद्धा विचारतात. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्स टीमच्या पिचर टॉमी जॉनवर ही पहिल्यांदा केली, दुसऱ्या हातातला टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) काढून लिगामेंटच्या जागी बसवला. १९७५ चा अख्खा सीझन गेला, पण तो १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला, २८८ पैकी १६४ विजय सर्जरीनंतरचे. गोष्ट भारीच आहे, पण टेंडनमुळे कोणी जास्त जोरात टाकायला लागत नाही. कोणाचा स्पीड वाढलाच तर वर्षभर पाय, कंबर, खांदा यांवर झालेल्या मेहनतीचा हात असतो, आणि ती मेहनत ऑपरेशनशिवायही करता येते की. परतायला १२ ते १८ महिने, सगळे पूर्वीच्या लेव्हलला येतही नाहीत. बेसबॉल स्टार शोहेई ओहतानीचंच बघा, २०१८ ला कोपराची सर्जरी, २०२३ ला त्याच कोपराची परत.

प्रश्न: वजनदार बॉलने ट्रेनिंग करावं का?

स्पीड वाढतो हे खरंय. पण शाळकरी वयाच्या पिचर्सवर ६ आठवडे करून पाहिलं तेव्हा जवळपास दर चौथ्याला दुखापत झाली, साध्या बॉलवाल्या ग्रुपमध्ये कोणालाच नाही. माझ्याकडून तरी या वयात नाही.