पहिले विजेतेपद की पाचवे? होळकर संघाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : २०२२ साली मध्य प्रदेशाने रणजी करंडक जिंकला, तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांनी ‘राज्याचे पहिले विजेतेपद’ असे छापले. आमचे सासरे मात्र तेव्हापासून ‘पहिले नव्हे, पाचवे’ असे ठासून सांगतात आणि होळकर संघाची चार विजेतेपदे बोटांवर मोजून दाखवतात. खरे कोणाचे मानायचे?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आपल्या सासऱ्यांची मोजणी चोख आहे आणि वर्तमानपत्रांचीही चूक नाही. भांडण आकड्यांचे नसून वारशाचे आहे, म्हणून आधी वंशावळ पाहू.

रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली तेव्हा आपल्या भागातून ‘मध्य हिंदुस्थान’ या नावाचा संघ खेळत असे. १९४१-४२ च्या हंगामापासून त्याची जागा इंदूरच्या होळकर संस्थानाच्या संघाने घेतली आणि १९५४-५५ पर्यंत, म्हणजे बरोबर १४ हंगाम, हे नाव धावफलकावर राहिले. या १४ हंगामांत होळकर संघाने दहा वेळा अंतिम सामना गाठला, चार वेळा करंडक जिंकला आणि सहा वेळा तो उपविजेता ठरला. १९४४-४५ पासून मोजले तर अखेरच्या अकरा हंगामांत केवळ १९४८-४९ चा अंतिम सामना त्याच्याविना झाला. विजयाची वर्षे आपल्या सासऱ्यांना पाठ असतीलच, तरी इतर वाचकांसाठी सांगतो : १९४५-४६ मध्ये बडोदे, १९४७-४८ मध्ये मुंबई आणि १९५०-५१ मध्ये गुजरात यांना इंदुरातच हरवले, १९५२-५३ मध्ये कलकत्त्यात बंगालवर पहिल्या डावातील आघाडीच्या बळावर मात केली.

हे यश आपोआप आले नव्हते. तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी १९२३ मध्ये नागपूरच्या सी. के. नायडूंना इंदुरात आणले आणि संस्थानच्या लष्करात हुद्दा दिला. पुढे सगळा देश त्यांना ‘कर्नल’ म्हणूनच ओळखू लागला. यशवंतराव होळकरांच्या काळात हाच परिपाठ विस्तारला. चांगल्या खेळाडूला संस्थानात नोकरी मिळे, पोटाची चिंता राहत नसे आणि वर्षभर सरावाला मैदान मोकळे असे. इंदुरातच जन्मलेले मुश्ताक अली, सागरचे चंदू सरवटे, महाराष्ट्रातून आलेले भाऊसाहेब निंबाळकर, डावखुरे गोलंदाज हिरालाल गायकवाड आणि माधवसिंह जगदाळे अशी माणसे त्यातून एका संघात आली. महायुद्धाच्या काळात महूच्या छावणीत असलेले इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन हेही १९४५ च्या अंतिम सामन्यात होळकर संघाकडून उतरले. मुंबईने ४६२ आणि ७६४ धावा करून होळकर संघापुढे शेवटच्या डावात ८६७ धावांचे लक्ष्य ठेवले होते. कॉम्प्टन नाबाद २४९ वर उभे राहिले, मुश्ताक अलींनी सामन्यात दोन्ही डावांत शतके काढली, संघाने ४९२ पर्यंत मजल मारली, आणि तरीही सामना ३७४ धावांनी गेला. (योगायोग असा की २०२२ च्या अंतिम सामन्यात मुंबईचा पहिला डाव नेमका ३७४ वर संपला. जुन्या इंदूरकरांना या आकड्याचे उट्टे निघाल्यासारखे वाटले असेल तर त्यांना दोष देता येणार नाही.)

आता मूळ प्रश्न. होळकर संस्थान १९४८ मध्ये मध्य भारत राज्यात विलीन झाले. संघाचे नाव त्यानंतरही सात वर्षे टिकले. १९५५-५६ मध्ये ते ‘मध्य भारत’ झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ ला नवे राज्य आल्यावर यथावकाश ‘मध्य प्रदेश’. क्रिकेट संघटनेचे ठाणे मात्र इंदुरातून हलले नाही, ते आजही येथेच आहे. संस्थेचा धागा धरला तर सासऱ्यांचे म्हणणे खरे ठरते. पण एक गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही : होळकर संघाने १९५१ आणि १९५३ मध्ये करंडक उचलला तेव्हा ‘मध्य प्रदेश’ नावाचे राज्य अस्तित्वात होते, त्याची राजधानी नागपूर होती आणि इंदूर त्यात नव्हते. त्या विजयांना मध्य प्रदेशाचे विजय म्हणणे म्हणजे नातवाच्या नावावर आजोबांची पदवी चढवण्यासारखे आहे. म्हणून माझे मत असे की, राज्याचे विजेतेपद पहिलेच आणि इंदूरचे पाचवे. सासऱ्यांनी ‘इंदूरचे’ हा एक शब्द जोडला तर घरातला वाद मिटावा.

प्रश्न : आमचे बडोदे संस्थानही विलीन झाले, तरी ‘बडोदे’ हा संघ रणजी स्पर्धेत आजही खेळतो. मग होळकरांचेच नाव का पुसले गेले? शिवाय होळकर संघाविरुद्धच्या विक्रमी भागीदारीबद्दलही लिहावे.
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : बडोदे १९४९ मध्ये मुंबई राज्यात सामील झाले, परंतु तेथील क्रिकेट संघटनेने आपले वेगळे स्थान सोडले नाही. गुजरातेत गुजरात, बडोदे आणि सौराष्ट्र असे तीन संघ राहिले, तसेच महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन राहिले. भारतीय क्रिकेट नियामक मंडळात ‘एका राज्याला एकच मत’ या तत्त्वामुळे ही व्यवस्था मोडते की काय अशी शंका अलीकडे निर्माण झाली होती, पण सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये या सहाही संघटनांचे पूर्ण सदस्यत्व कायम केले. इंदुरात उलटे घडले. येथील संघटनाच नव्या राज्याची प्रमुख संघटना झाली, आणि जो साऱ्या राज्याचा प्रतिनिधी होतो त्याला एका घराण्याचे नाव लावून चालत नाही. थोडक्यात, बडोदे धाकटे राहिले म्हणून नाव टिकले; इंदूर थोरले झाले आणि नाव गेले. दुसरे कारण पैशाचे होते. संस्थानी लष्करातील हुद्दे संपले, त्याबरोबर खेळाडूला बांधून ठेवणारी नोकरीही संपली आणि माणसे रेल्वे व इतर राज्यांच्या संघांकडे वळली. खुद्द नायडू १९५६-५७ मध्ये, वयाची साठी ओलांडल्यावर, उत्तर प्रदेशाकडून खेळले.

आता भागीदारी. १९४७ चा अंतिम सामना बडोद्यात झाला. होळकर संघाचा पहिला डाव २०२ धावांत आटोपला होता. बडोद्याचे तीन गडी ९१ वर बाद झाले तेव्हा सामना दोलायमान होता. तेथून विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या. हजारेंच्या २८८ आणि गुल महंमद यांच्या ३१९. बडोद्याचा डाव ७८४ वर गेला, होळकर संघ दुसऱ्या डावात १७३ वर बाद झाला आणि बडोद्याने एक डाव व ४०९ धावांनी करंडक नेला. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये कोणत्याही गड्यासाठीची सर्वांत मोठी भागीदारी म्हणून हा विक्रम ५९ वर्षे टिकला. २००६ मध्ये कोलंबोत संगक्कारा व जयवर्धने यांनी ६२४ धावा जोडून तो मोडला. गायकवाड आणि होळकर या दोन मराठी गाद्यांचे संघ अंतिम सामन्यात तीनदा समोरासमोर आले. १९४६ चा सामना इंदूरने जिंकला, १९४७ आणि १९५० चे बडोद्याने, त्यामुळे हिशेब आपल्या बाजूने आहे हे इंदुरात बसून कबूल करतो. पहिल्या त्या सामन्यात पन्नाशी पूर्ण झालेल्या नायडूंनी २०० धावा काढल्या होत्या, एवढे मात्र नोंदवून ठेवावे.

प्रश्न : होळकर संघाने एका डावात सहा शतके काढली होती, असे शाळेतील प्रशिक्षक सांगतात. मित्रांना ही थाप वाटते.
– एक विद्यार्थी वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : थाप नाही. १९४५-४६ च्या उपांत्य सामन्यात इंदुरात म्हैसूरविरुद्ध होळकर संघाने ८ बाद ९१२ वर डाव घोषित केला. भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, नायडू १०१, निंबाळकर १७२ आणि प्रताप सिंह १०० अशी ही सहा शतके आहेत. म्हैसूरने १९० आणि मग ६ बाद ५०९ धावा केल्या, तरीही अंतिम सामन्यात होळकर संघच पोहोचला.

या यादीतील भांडारकर आणि निंबाळकर ही नावे मित्रांना मुद्दाम दाखवावीत. डिसेंबर १९४८ मध्ये हीच जोडी पुण्यात महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध खेळली आणि दुसऱ्या गड्यासाठी तिने ४५५ धावांची भागीदारी केली. निंबाळकर नाबाद ४४३ वर होते, ब्रॅडमनच्या ४५२ चा तेव्हाचा जागतिक विक्रम केवळ नऊ धावांवर होता, आणि काठेवाडच्या कप्तानाने पुढे खेळण्यास नकार दिला. निंबाळकरांना कसोटी सामना एकदाही खेळायला मिळाला नाही. सरवट्यांची कथा निराळी. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात ओव्हलवर सरेविरुद्ध ते आणि शूट बॅनर्जी हे शेवटचे दोन फलंदाज २४९ धावांची भागीदारी करून बसले आणि दोघांचीही शतके झाली. हेच सरवटे पेशाने वकील आणि बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ होते.

प्रश्न : ग्वाल्हेरचा स्वतंत्र रणजी संघ कधी होता का?
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : होता, पण एका हंगामापुरता. १९४३-४४ मध्ये ग्वाल्हेर दिल्लीविरुद्ध एक सामना खेळले आणि हरले. त्यानंतर ते नाव स्पर्धेत आले नाही.

प्रश्न : होळकर संघ गेल्यावर इंदुराने रणजीचा अंतिम सामना पाहिला का?
– एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : अलीकडे लागोपाठ दोन पाहिले, आणि दोन्हींत पाहुण्यांनी आपला पहिला करंडक नेला. जानेवारी २०१७ मध्ये होळकर स्टेडियमवर गुजरातने मुंबईचा पराभव केला. याच गुजरातला १९५१ मध्ये याच शहरात होळकर संघाने १८९ धावांनी हरवले होते, त्यामुळे पार्थिव पटेलने दुसऱ्या डावात १४३ धावा काढून सामना खेचून नेला तेव्हा गुजरातची ६६ वर्षांची प्रतीक्षा संपली. पुढच्याच हंगामात, १ जानेवारी २०१८ रोजी, विदर्भाने दिल्लीला नऊ गडी राखून हरवले. २०१७ मध्ये हरलेल्या मुंबईचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित होते, २०१८ मध्ये जिंकलेल्या विदर्भाचेही तेच, आणि २०२२ मध्ये बंगळुरूत मुंबईला सहा गडी राखून हरवणाऱ्या मध्य प्रदेशाचेही तेच. त्याच बंगळुरूत १९९९ साली कर्नाटकाकडून अंतिम सामना हरलेल्या मध्य प्रदेशाचे कप्तानही पंडितच होते.