कायदेविषयक सल्ला : बँकेची नोकरी, वैमानिक प्रशिक्षण आणि तोफेच्या आवाजाने अधू झालेला कान

प्रश्न : मी तोफखान्यात 17 वर्षे सेवा करून 2021 मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झालो. आता माजी सैनिकांच्या राखीव जागेवर एका राष्ट्रीयीकृत बँकेत लिपिक आहे. बारावी विज्ञान शाखेतून, भौतिकशास्त्र व गणित घेऊन उत्तीर्ण आहे. नोकरी न सोडता, सुट्टीच्या दिवशी आणि रजेत उड्डाण प्रशिक्षण घेऊन व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवावा, असा विचार आहे. बँकेला कळले तर नोकरी जाईल, असे सहकारी सांगतात. प्रशिक्षण संस्था सर्व शुल्क एकरकमी मागते आणि ‘भरलेले शुल्क कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही’ असे करारात छापलेले आहे. रविवारी विमान देऊ, हे मात्र फक्त तोंडी सांगतात. शिवाय कानाच्या दोषासाठी मला 20 टक्के अपंगत्वाचे निवृत्तिवेतन मिळते. वैद्यकीय तपासणीत मी पात्र ठरलो तर ते बंद होईल का? अर्जात त्याचा उल्लेखच केला नाही तर चालेल का?
— एक माजी सैनिक, सातारा जिल्हा

उत्तर : आपण सर्वांत शेवटी विचारलेला कानाचा प्रश्न मी आधी घेतो, कारण त्याचा निकाल लागेपर्यंत बाकीच्या प्रश्नांवर पैसा खर्च करण्यात अर्थ नाही.

निवृत्तीच्या वेळी रिलीज मेडिकल बोर्डाने, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय मंडळाने, आपल्या कानाचा दोष किती आहे आणि तो सेवेमुळे आला का, हे ठरवले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची तपासणी निराळाच प्रश्न विचारते : हा माणूस विमान सुरक्षितपणे चालवू शकेल एवढे ऐकू शकतो का? व्यावसायिक वैमानिकाला लागणाऱ्या पहिल्या श्रेणीच्या वैद्यकीय तपासणीसाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषानुसार प्रत्येक कानाची श्रवणहानी 500, 1000 व 2000 हर्ट्झला 35 डेसिबलपेक्षा आणि 3000 हर्ट्झला 50 डेसिबलपेक्षा जास्त असता कामा नये. तोफेच्या आवाजाने होणारी हानी मात्र बहुधा प्रथम 4000 हर्ट्झच्या आसपास दिसू लागते. त्यामुळे आपल्या ऑडिओग्रामची (श्रवणचाचणीच्या आलेखाची) रेघ तिथे खोल खड्ड्यात गेलेली असूनही आपण वैमानिक म्हणून पात्र ठरू शकता, आणि तेवढ्यावरून बोर्डाचा निष्कर्ष खोटा ठरत नाही. संरक्षण मंत्रालयाच्या 7 फेब्रुवारी 2001 च्या पत्रानुसार कायमस्वरूपी दोषाचे असे मूल्यमापन अंतिम मानले जाते आणि संबंधिताने स्वतः मागणी केल्याशिवाय त्याची फेरतपासणी होत नाही. आपल्या बोर्डाच्या कागदांत दोषाचा कालावधी ‘आजीवन’ असा नोंदवला आहे ना, एवढे मात्र पाहून घ्या.

अर्जात हे लपवू नका. माहिती दडवून मिळवलेला परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो, हा धोका आहेच. पण आपल्या बाबतीत त्याहून मोठा धोका निवृत्तिवेतनालाच आहे. एका सरकारी खात्याकडे ‘कान अधू आहे’ म्हणून दरमहा रक्कम घ्यायची आणि दुसऱ्या खात्याला ‘कानाची तक्रार कधीच नव्हती’ असे सहीनिशी लिहून द्यायचे, तर हे दोन कागद शेजारी ठेवणारा अधिकारी पहिल्याच कागदावर संशय घेईल. पहिल्या श्रेणीची तपासणी हवाई दलाच्या वैद्यकीय केंद्रांतही होते, तेव्हा हे कागद कधीच एकत्र येणार नाहीत, या भरवशावर राहू नका. बोर्डाच्या अहवालाची प्रत आणि ताजा ऑडिओग्राम सोबत घेऊन जा. आधी दुसऱ्या श्रेणीची तपासणी होते, मग पहिल्या श्रेणीची.

नोकरीबाबत सहकाऱ्यांची भीती अनाठायी आहे. बँक कर्मचाऱ्यांच्या शिस्तभंगविषयक 10 एप्रिल 2002 च्या समझोत्यात, बँकेच्या लेखी परवानगीशिवाय स्वतंत्र व्यापार-धंदा करणे हे गंभीर गैरवर्तन मानले आहे. स्वतःचे शुल्क भरून शिकणे हा धंदा नव्हे. उद्या त्याच संस्थेत आपण मानधन घेऊन शिकवू लागलात, तर मात्र हे कलम लागू शकेल. तरीही शाखाधिकाऱ्यांमार्फत एक अर्ज द्या, कामाच्या वेळेबाहेर प्रशिक्षण घेत असल्याचे कळवा आणि पोच जपून ठेवा. ज्या चुकीमुळे नोकरी खरोखर जाऊ शकते, ती वेगळीच आहे. वैमानिकाच्या लॉगबुकात प्रत्येक उड्डाणाची तारीख आणि वेळ नोंदवावी लागते. ज्या दिवशी आपण बँकेतून आजारपणाची रजा घेतली, त्याच दिवशी त्या वहीत सव्वा तासाचे सोलो (प्रशिक्षकाविना एकट्याने केलेले) उड्डाण आढळले, तर चौकशी अधिकाऱ्याला दुसरा साक्षीदार शोधावा लागणार नाही. उड्डाणासाठी रजा घ्यायची तर नैमित्तिक किंवा हक्काचीच घ्या.

परवान्यासाठी वयाची कमाल मर्यादा नाही. विमान कंपन्यांचे भरतीचे नियम निराळे. पण काळाची दुसरी अट नोकरदाराला जाचक ठरते. वायुयान नियम, 1937 नुसार अर्जाच्या तारखेआधीच्या 5 वर्षांत एकूण 200 तास उड्डाण पूर्ण व्हावे लागते. त्यात पायलट-इन-कमांड (विमानाची जबाबदारी असलेला वैमानिक) म्हणून 100 तास असावे लागतात आणि त्यांपैकी 15 तास शेवटच्या 6 महिन्यांतले असावे लागतात. चार रविवार आणि दुसरा-चौथा शनिवार धरून आपल्याला महिन्याला साधारण सहा दिवस मिळतात. पावसाळ्यात आपल्याकडच्या ढगांनी त्यांतलेही बरेच खाल्ले, की हिशेब घट्ट होतो. म्हणून शेवटच्या सहा महिन्यांसाठी सलग रजा आतापासून साठवा.

आता करार. रविवारी विमान देण्याचे तोंडी आश्वासन लेखी कराराच्या विरोधात जात असेल, तर न्यायालय त्याचा तोंडी पुरावा सहसा विचारातच घेत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम 95 तेच सांगते. ‘शुल्क परत मिळणार नाही’ या कलमाचा बाऊ करू नका, पण ते निरर्थक आहे असेही समजू नका. करार कायद्याच्या कलम 74 खाली, प्रत्यक्ष नुकसान झाल्याशिवाय आगाऊ रक्कम सरसकट जप्त करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने कैलाशनाथ असोसिएट्स प्रकरणात 2015 मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र त्यासाठी आपल्याला आधी दाद मागावी लागेल आणि तोवर पैसे संस्थेकडे असतील. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार आपण राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते, पण ‘शिक्षण ही सेवा नाही, म्हणून विद्यार्थी ग्राहक नाही’ हा आक्षेप समोरची बाजू पहिल्याच तारखेला घेईल. शैक्षणिक संस्थांच्या बाजूने तसे निर्णय झालेले आहेत. आयोगाने तक्रार त्या कारणाने फेटाळली, तर दिवाणी दाव्याचा मार्ग उरतो आणि आयोगासमोर प्रामाणिकपणे घालवलेला काळ मुदत कायद्याच्या कलम 14 खाली दाव्याच्या मुदतीतून वगळून मागता येतो.

हे सारे टाळण्यासाठी सही करण्यापूर्वी करारात पुढील मजकूर घालून घ्या : ‘शुल्क प्रत्येकी 25 तासांच्या हप्त्यांत देय राहील; संस्था दरमहा सुट्टीच्या दिवशी किमान 6 तास विमान व प्रशिक्षक उपलब्ध करून देईल; सलग 60 दिवस तसे न झाल्यास न उडालेल्या तासांचे शुल्क 30 दिवसांत परत करील.’ तास आणि दिवस आपल्या सोयीने बदलता येतील. संस्थेची महासंचालनालयाची मान्यता कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे, तेही करारात नमूद करून घ्या. पहिला हप्ता मात्र पहिल्या श्रेणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र हाती आल्यावरच द्या.