बाळ पावडरचं दूध तोंडातच घेत नाही

प्रश्न : माझी मुलगी सव्वापाच महिन्यांची आहे, आजवर फक्त अंगावर पिते. पुढच्या महिन्यात हिंजवडीला ऑफिस सुरू होतंय. वाकडचं घर असलं तरी जाऊन-येऊन दहा तास मोडतात. बाटलीतून फॉर्म्युला दिला की तोंड फिरवते, ओकारी काढते, रडून लाल होते. तीन कंपन्यांचे डबे आणि दोन बाटल्या बदलून झाल्या. सासूबाई म्हणतात, दोन वेळा उपाशी ठेव, भूक लागली की पिईल. काय करू?

उत्तर : उपाशी मात्र ठेवू नका. भुकेनं कासावीस झालेलं बाळ नवीन काही शिकत नाही. त्याला एवढंच कळतं की ही बाटली दिसली की रडायची वेळ येते. दोन दिवस असं झालं की नुसती बाटली पाहूनही ते पाठ ताणून मागे जातं.

आधी हे शोधा की ती नक्की कशाला नाही म्हणतेय. चव, भांडं आणि पाजणारं माणूस या तिन्ही गोष्टी तिच्यासाठी एकाच दिवशी बदलल्या आहेत. म्हणून एका वेळी एकच बदला. पहिल्या दिवशी तुमचंच दूध काढून ३० मिली वाटीत घ्या आणि चमच्यानं आजीला पाजू द्या. प्यायली तर वाटी-चमच्याची आणि माणसाची अडचण नाही, अडचण चवीची किंवा बाटलीची आहे. नाही प्यायली तर तेच दूध बाबांना पाजू द्या. बाटलीतून तुमचं दूधही नको असेल, तर बाटलीचा नाद सोडा. सहा महिन्यांच्या उंबरठ्यावरच्या बाळाला बाटली शिकवून पुन्हा सोडवण्यापेक्षा वाटी-चमचा किंवा लहान फुलपात्र बरं.

आई समोर असेल तर बाळाला तिचा वास येतो आणि ते अंगावरच मागतं. त्यामुळे पाजताना तुम्ही खोलीत नको, शक्यतो घरातच नको. खाली भाजी आणायला जा. वेळ निवडताना ती झोपेतून नुकती उठलेली, थोडी भूक असलेली पण रडवेली झालेली नसावी.

चमच्यानं पाजायची एक रीत आहे. बाळाला मांडीवर जवळजवळ ताठ बसवायचं, मानेला आधार द्यायचा. अर्धा चमचा दूध खालच्या ओठावर टेकवून इतकंच तिरकं करायचं की दूध ओठाला लागेल. जीभ आपणहून बाहेर येते आणि दूध चाटते. घोट गिळलेला दिसल्याशिवाय दुसरा चमचा नाही. घशात ओतलं की ठसका लागतो आणि पुढचे चार दिवस ती तोंड मिटून घेते. तोंड फिरवलं की थांबा. दहा मिनिटं पुष्कळ झाली, सुरुवातीला १० मिली गेलं तरी चालेल.

आता चव. आईचं दूध गोडसर असतं आणि आईच्या जेवणानुसार त्याची चव थोडी बदलते. फॉर्म्युल्याला स्वतःचा वेगळा वास असतो. म्हणून मिसळून सवय लावा : तीन भाग तुमचं दूध, एक भाग तयार फॉर्म्युला. दोन-तीन दिवसांनी निम्मं-निम्मं, मग एक भाग तुमचं, तीन भाग फॉर्म्युला. अडली की एक पायरी मागे या. एका वेळी ३० मिलीच करा. उष्टं उरलेलं टाकून द्यावं लागतं, आणि काढलेलं दूध टाकताना जीव तुटतो. फॉर्म्युला आधी पाण्यात पूर्ण तयार करायचा, मगच मिसळायचा. आईच्या दुधात कोरडी पावडर टाकली की ते जास्त दाट होतं, बाळाच्या मूत्रपिंडांवर ताण येतो.

पाणी खळखळून उकळा आणि अर्ध्या तासाच्या आत वापरा, म्हणजे ते ७० अंशांच्या आसपास असेल. पावडर निर्जंतुक नसते, हा गरमपणा तिच्यासाठीच हवा. आधी पाणी मोजा, मग डब्यातलाच चमचा सपाट करून पावडर घाला. बहुतेक डब्यांवर ३० मिलीला एक चमचा असतो, पण आपल्या डब्यावरचं वाचा. डबा पुरवायला पातळ करू नका. भांडं गार पाण्यात धरून निववा, मनगटावर थेंब कोमट लागला की द्या. पिणं सुरू झाल्यावर तासाभरात संपलं नाही तर फेकून द्या.

डबे बदलणं थांबवा. रोज नवी चव म्हणजे रोज पहिला दिवस. आम्हीही इथे कंपनीचं नाव सुचवणार नाही. या दुधाच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातीला १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि ते योग्यच आहे.

दहा तासांत साधारण ३०० ते ४०० मिली दूध लागेल असं धरा. ती कदाचित निम्मंच पिईल आणि संध्याकाळी-रात्री अंगावर भरपाई करेल. तुम्हाला झोप कमी मिळेल, पण बाळाचं बिघडत नाही. दिवसरात्रीत सहा तरी लंगोट ओले होताहेत ना, वजन वाढतंय ना, एवढं पाहा. शिवाय तुम्ही रुजू व्हाल तेव्हा ती सहा महिन्यांची होईल, म्हणजे वरचं खाणं सुरू होईल. नाचणीचं सत्व पाण्यात शिजवून खाली उतरवा, कोमट झालं की त्यात तयार फॉर्म्युला कालवा. प्यायला नाकारलेलं दूध असं सहज पोटात जातं. वर्षाची होईपर्यंत मीठ, साखर, मध नको.

ऑफिसात दूध काढता आलं तर फॉर्म्युला कमीच लागेल. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर कायद्यानं पाळणाघराची सोय हवी आणि दिवसातून चार वेळा तिथे जाता यायला हवं. एचआरकडे आताच विचारा. काढलेलं दूध बर्फाच्या पिशव्यांसह आणा, वाकडच्या सिग्नलांवर एप्रिलच्या उन्हात ते तसंच राहू नये. फ्रिजमध्ये दारात नाही, आत मागच्या बाजूला, जास्तीत जास्त चार दिवस. साठवलेल्या दुधाला कधी साबणासारखा वास येतो आणि बाळ ते नाकारतं. दूध खराब झालेलं नसतं, त्यातल्या लायपेज या चरबी पचवणाऱ्या घटकामुळे असं होतं. तसं होत असेल तर ताजं दूध कडेला बुडबुडे येईपर्यंतच तापवून, लगेच गार करून ठेवा.

फॉर्म्युल्यानंतर अंगावर गांधी, सतत उलट्या किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर तो बंद करून लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असू शकते. अंगावर पिणंही सोडलं तर तोंडातले पांढरे चट्टे, कान, चोंदलेलं नाक तपासून घ्या. बाळ मलूल असेल किंवा सहा-आठ तास शू झाली नसेल, तर वाट पाहू नका.

प्रश्न : नातू सात महिन्यांचा आहे. आम्ही मुलांना गाईचं दूध निम्मं पाणी घालून दिलं. आता का नको? – एक आजी, सदाशिव पेठ

उत्तर : आजी, गाईच्या दुधात लोह फारच कमी आणि प्रथिनं व क्षार लहान मूत्रपिंडांना जड. पाणी घातलं तर पोषणही निम्मं होतं. म्हणून वर्षापर्यंत पिण्याचं मुख्य दूध ते नको. दही-भात किंवा खिरीतलं थोडं दूध चालेल, खिरीत साखर मात्र घालू नका.

प्रश्न : घरात चांदीचं बोंडलं आहे, त्यानं पाजलं तर चालेल?

उत्तर : चालेल. धार मात्र घशात सोडू नका, ओठाच्या कडेला थेंब-थेंब द्या. दूध चोचीत साचून वाळतं, म्हणून प्रत्येक वेळी बारीक ब्रशनं आतून घासून दहा मिनिटं उकळा. चांदी उजळायची पावडर लावली असेल, तर चोचीतून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुतल्याशिवाय वापरू नका.