आतड्यातला हिमँजिओमा: काढायचा किती?

प्रश्न : वय 34. हिमोग्लोबिन सारखं 6-7 वर येतं, रक्त चढवलं की महिनाभर बरं. दोन्ही दुर्बिणी नॉर्मल. आता कॅमेऱ्याच्या कॅप्सूलमध्ये लहान आतड्यात 'हिमँजिओमा' दिसला. कॅन्सर आहे का?

नाही. रक्तवाहिन्यांच्या गुंत्याची ही साधी गाठ. पसरत नाही, पण नळासारखी ठिबकत राहते. तोंडातून आणि गुदद्वारातून घातलेल्या नेहमीच्या दुर्बिणी लहान आतड्याच्या मधल्या भागापर्यंत पोचतच नाहीत, म्हणून निदानाला वेळ लागतो.

ऑपरेशन बहुधा पोटाला लहान छेद देऊन दुर्बिणीतूनच होतं. खरी अडचण गाठ सापडण्याची. बाहेरून आतडं कधीकधी अगदी निरोगी दिसतं. म्हणून आधी लांब एन्टेरोस्कोपने (लहान आतड्यात खोलवर जाणाऱ्या दुर्बिणीने) जागा गाठून तिथे शाईचा ठिपका टोचून ठेवतात. मग आतडं वीत-वीत पुढे सरकवत तपासायचं. नशीब असेल तर जांभळाच्या सालीसारखा डाग दिसतो. दाबला की बसतो, सोडला की पुन्हा भरतो. तेवढा तुकडा कापून दोन्ही टोकं जोडायची. लहान आतडं सुमारे 6 मीटर; त्यातलं वीतभर गेल्याने पचनाला फरक पडत नाही. 'आतूनच जाळता येणार नाही का?' असं सगळेच विचारतात. अगदी लहान, वरवरची असेल तर येते. भिंतीत खोल गेलेली असेल तर आतड्याला भोक पडायची भीती. नंतर लोहाच्या गोळ्या काही महिने घ्या. त्यांनी शौचाला काळं होतं, घाबरू नका.

प्रश्न : आईला वीस वर्षं मूळव्याध म्हणून रक्त जायचं, दोनदा ऑपरेशनही झालं. आता एमआरआयमध्ये गुदाशयभर हिमँजिओमा निघाला. पोटावर शौचाची कायमची पिशवी लागेल?

बहुतेक नाही. मूळव्याधीचा शिक्का बसणं हे या आजारात जुनंच दुखणं आहे. साध्या एक्स-रेत ओटीपोटात गोल पांढरे ठिपके, म्हणजे गोठलेल्या रक्तात साचलेलं कॅल्शियम, तरुण वयात दिसले तर शंका यायलाच हवी. बायोप्सीचा आग्रह धरू नका, रक्त आवरत नाही. बाधित गुदाशय काढून वरचं निरोगी मोठं आतडं खाली ओढून गुदद्वाराशी जोडतात. शौच रोखणारा स्नायू राखला जातो. जोड भरेपर्यंत काही आठवडे-महिने पिशवी लागू शकते. नंतरही सुरुवातीला दिवसातून चार-सहा वेळा जावं लागेल, त्याची तयारी ठेवा.

प्रश्न : मुलाच्या अंगावर निळे, रबरासारखे मऊ फोड आहेत, रक्तही कमी. आतड्यात खूप गाठी सापडल्या. सगळ्या काढायच्या?

घाई नको. हे 'ब्लू रबर ब्लेब नीव्हस'चं, म्हणजे कातडीवर आणि आतड्यात रक्तवाहिन्यांच्या गाठी येणाऱ्या आजाराचं, चित्र वाटतं. 1958 मध्ये विल्यम बीन यांनी हे नाव दिलं. गाठी बऱ्याच असतात, नव्याही येतात. सगळ्या कापत बसलं तर आतडंच उरणार नाही. सिरोलिमस या औषधाने अनेकांचा रक्तस्राव आटोक्यात येतो. त्यावर नियमित रक्ततपासणी लागते. चाकू फक्त रक्त न थांबणाऱ्या गाठीसाठी, किंवा आतड्यात आतडं शिरलं तर. मुलाला अचानक पोटात पीळ पडून उलट्या सुरू झाल्या, तर त्याच रात्री दवाखाना गाठा.