आजी गात नाही, म्हणते

प्रिय चिऊ,

तुझा व्हॉइस मेसेज बसमध्ये ऐकला आणि एवढी हसले की शेजारच्या डच आजोबांनी पेपर खाली करून माझ्याकडे पाहिलं. तुझी तक्रार अशी: तू आजीला म्हणालीस, गाणं गा. ती म्हणाली, "मला कुठलं गाता येतंय गं!" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तांदूळ निवडताना ती चक्क गात होती. पकडल्यावर म्हणाली, "ते गाणं न्हाई, ओव्या म्हणत होते." मग तुझा प्रश्न, आजी खोटं का बोलते?

खोटं नाही बोलली ती. तुझ्या डच शाळेत गाण्याला 'झिंगन' म्हणतात (हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हाही मी अशीच हसले होते, आपल्याकडे झिंगलेला माणूस वेगळाच) आणि बोलण्याला दुसरा शब्द. मराठीत तसं नाही. आपण आरती म्हणतो, श्लोक म्हणतो, पाढे म्हणतो, ओवी म्हणतो. 'एखादं गाणं म्हण की' असंसुद्धा म्हणतो. तोंडातून सूर निघाला तरी ते म्हणणंच. गाणं ते निराळं. गाणं शिकावं लागतं, समोर कोणी ऐकणारं लागतं, बेसूर झालं की नाक मुरडणारंही लागतं. गणपतीत आपल्या हॉलमध्ये आरती सुरू होते तेव्हा काका एका पट्टीत, देशपांडे मावशी दुसऱ्याच पट्टीत, आणि टाळ कुठल्याच तालात नाही. कोणी कोणाला थांबवतं का? ती गायची असती तर निम्मे लोक गप्प बसले असते.

पण आजीच्या 'मला गाता येत नाही'मागे आणखी एक गोष्ट आहे. ती मलाही उशिराच कळली.

आजी सातवीत होती तेव्हा तिच्या गुरुजींनी घरी येऊन सांगितलं होतं, पोरीचा गळा चांगला आहे, वाईला पाठवा, शिकू दे. तुझे पणजोबा रेडिओवर गाणं लागलं की डोळे मिटून बसायचे, कधीकधी पाणीही यायचं डोळ्यांत. ते गुरुजींना चहा देऊन म्हणाले, "आपल्यातल्या पोरी गात न्हाईत." विषय संपला. म्हणजे गाणं आवडायचं, गाणारी आपल्या घरातली नको.

हे त्यांच्या एकट्याच्या डोक्यातलं नव्हतं. फार काळ आपल्याकडे ज्या बायका चार लोकांत गायच्या, त्यांचं गाणं लोक माना डोलवून ऐकायचे आणि त्यांना घरच्या हळदीकुंकवाला मात्र बोलवायचे नाहीत. त्यामुळे नाटक आलं तेव्हा पंचाईत झाली. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतल रंगभूमीवर आणलं, पदांनी भरलेलं. शकुंतला कोण होणार? पुरुष. पुढची कितीतरी वर्षं मराठी नाटकातली नायिका पुरुषच होता. आजीच्या फोनवर सकाळी जो आवाज लागतो आणि तू विचारतेस, 'ही बाई कोण?', ते बालगंधर्व. नारायण श्रीपाद राजहंस. जन्म १८८८. माईक नसायचा, शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत आवाज पोचवायचा, तोही शालू नेसून, नथ घालून. पुण्यामुंबईच्या बायका पदर कसा घ्यायचा हे त्यांच्याकडे बघून ठरवायच्या म्हणतात. मला ते गाणं अतोनात आवडतं. तरी कधीकधी मनात येतं, बाईच्या सुखदुःखाची पदं पुरुष गातोय, बाई प्रेक्षागृहात बसून डोळे पुसतेय, आणि घरी गेल्यावर तिने गायचं नाही.

हे बदलणाऱ्यांत एक गायिका हिराबाई बडोदेकर. मिरजेत १९०५ साली जन्मल्या, अब्दुल करीम खाँ आणि ताराबाईंची मुलगी. तिकीट लावून बाईने बैठक करायची, हे त्यांनी केलं तेव्हा लोकांना पचायला जड गेलं. त्या काय करायच्या? काहीच नाही. अंगभर पदर घ्यायचा, हातवारे करायचे नाहीत, तंबोरे जुळले की शांतपणे सूर लावायचा. बंड असं दिसत नाही एरवी. नाटकातही त्यांनी बाईचं काम स्वतः केलं. आणि गंमत बघ, हे होऊन तीस-चाळीस वर्षं लोटली तरी ते वाईजवळच्या आमच्या गावात पोचलं नव्हतं.

पोचलं नव्हतं, पण आजीची आई, तिची आई, सगळ्या पहाटे म्हणत होत्याच. काळोखात उठायचं, जात्याच्या खुंट्याला हात घालायचा, दुसऱ्या हाताने मूठ मूठ दाणे टाकायचे, आणि फेऱ्याबरोबर ओवी. ओवीची शेवटची ओळ आखूड असते ना, तिथे दम घ्यायला जागा मिळते. एकटीला जातं ओढवत नाही म्हणून समोर जाऊ नाहीतर नणंद बसलेली. जिच्याबद्दल तक्रार ती सासू पलीकडच्या खोलीत झोपलेली. माहेरची आठवण, भावाचं कौतुक, नवऱ्याचा मार, सगळं त्या घरघरीत म्हणून टाकायचं. तेच दिवसा नुसतं बोलली असती तर 'तोंड वर करून बोलते' झालं असतं. म्हणून मला वाटतं, 'म्हणणं' या शब्दाने बायकांना आडोसा दिला. गात नाही हो मी, दळतेय. (पुरुषही आरती म्हणतातच, तेव्हा माझं हे व्याकरण कच्चं आहे. शिवाय जनाबाई दळताकांडता देवाला सरळ 'गाईन' म्हणते, सातशे वर्षांपूर्वी. ती कोणाला भीत नव्हती.)

जातं गेलं म्हणून हळहळणाऱ्यांनी आधी एक किलो जोंधळे दळून दाखवावेत. गिरणी आली ते उत्तमच झालं, हातांचे फोड गेले. फक्त ओव्यांचं बसायचं ठिकाण गेलं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी गावोगाव फिरून त्या जमवल्या, हजाराहून अधिक गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. त्या आता इंटरनेटवर ऐकता येतात. मी एकदा रात्री ऐकत बसले होते. एक म्हातारी ओवी म्हणता म्हणता खोकली, जरा थांबली आणि जिथे सोडली होती तिथूनच उचलली. मी तेवढंच तीनदा ऐकलं.

तुझ्या व्हॉयेजर अंतराळयानाच्या प्रोजेक्टमध्ये तू त्याच्यावरच्या सोनेरी तबकडीबद्दल लिहिलं होतंस, आठवतं? तिच्यावर पंचावन्न भाषांतले नमस्कार आहेत आणि त्यांत मराठीही आहे. त्याच तबकडीवर गायिका केसरबाई केरकरांची भैरवी आहे. गोव्यातल्या केरी गावच्या त्या. 'जात कहां हो', एकटीच कुठे निघालीस, असं विचारणारी बंदिश, साडेतीन मिनिटांची. व्हॉयेजर-१ उडालं ५ सप्टेंबर १९७७ ला आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. आज ते यान इतकं लांब आहे की प्रकाशालाही तिथे पोचायला जवळजवळ एक दिवस लागतो. एकाच तबकडीवर एक बाई मराठीत नमस्कार म्हणतेय आणि एक गातेय. आजीला हे सांग. ती म्हणेल, "तिथं ऐकायला हाय कोण?" तिला उत्तर तूच दे, मला जमलेलं नाही.

आता कामाचं. आजीला पुन्हा 'गा' म्हणू नकोस, 'म्हण'सुद्धा म्हणू नकोस. सूप घे आणि तिच्या शेजारी बस. फोन तिच्या तोंडासमोर धरलास तर ती ओवी सोडून 'जेवलीस का' विचारायला लागेल. तो फडताळावर ठेव, थोडा लांब. तिने सुरुवात केली की तू गप्प राहा, निदान तीन ओव्या. मग एखादी पाठ झाली असेल तर तिच्या मागोमाग म्हण. तुझं 'ळ' चुकलं तर ती हसेल, हसू दे.

आणि तांदूळ नीट निवड. मागच्या खेपेला तू निवडलेल्या तांदळाचा खडा बाबाच्या दाढेखाली आला होता. तो अजून त्या बाजूने चावत नाही.

तुझी,
आई